विमानवाहू नौकेचा आकाशातील डोळा : हवाई पूर्वसूचना हेलिकॉप्टर

समुद्रसपाटीला लगटून येणारी शत्रूची विमाने आणि क्षेपणास्त्रे वेळीच दिसावीत, यासाठी मोठे रडार बसवलेली हेलिकॉप्टरे विमानवाहू युद्धनौकेच्या ताफ्यासोबत ठेवली जातात. त्यांना हवाई पूर्वसूचना हेलिकॉप्टर म्हणतात. भारतीय नौदलाकडे या कामासाठी रशियन बनावटीची ‘कामोव्ह-३१’ हेलिकॉप्टरे आहेत. त्यांचे ३३९ क्रमांकाचे पथक २००३ मध्ये गोव्यात दाबोळी येथील ‘आयएनएस हंसा’ या तळावर स्थापन झाले.

गरज का भासते?

रडारच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. पृथ्वीचा पृष्ठभाग मात्र वक्र आहे. नौकेवरील रडार पाण्यापासून २५ मीटर उंचीवर असले, तरी लाटांवरून अवघ्या ४ मीटर उंचीने येणारे क्षेपणास्त्र सुमारे ३० किलोमीटरवर येईपर्यंत क्षितिजाआड राहते. ध्वनीपेक्षा किंचित कमी वेगाचे क्षेपणास्त्र हे अंतर दीड मिनिटात कापते. ध्वनीच्या जवळपास तिप्पट वेगाच्या क्षेपणास्त्राला अर्धे मिनिट पुरते. रडार ३,००० मीटर उंचीवर नेले, तर हेच क्षितिज २३० किलोमीटरपर्यंत मागे सरकते.

फॉकलंडचा धडा

१९७० च्या दशकाच्या अखेरीस ‘आर्क रॉयल’ ही मोठी विमानवाहू नौका ब्रिटनने सेवेतून काढली आणि तिच्यासोबत ‘गॅनेट’ ही पूर्वसूचना विमानेही गेली. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ही उणीव भरून काढण्यासाठी विनाशिकांना ताफ्याच्या पुढे पहाऱ्यावर ठेवावे लागले. ४ मे रोजी त्यांपैकी ‘शेफिल्ड’वर अर्जेंटिनाच्या विमानाने सोडलेले ‘एक्झोसेट’ क्षेपणास्त्र आदळले. त्यात २० नौसैनिक मृत्युमुखी पडले. त्यानंतर ब्रिटनने ‘सी किंग’ हेलिकॉप्टरच्या बाजूला ‘सर्चवॉटर’ रडार बसवण्याचे काम सुमारे ११ आठवड्यांत पूर्ण केले. ही हेलिकॉप्टरे ऑगस्टमध्ये ‘इलस्ट्रियस’ नौकेवरून रवाना झाली. तोवर युद्ध संपले होते. ‘सी किंग’ची पूर्वसूचना हेलिकॉप्टरे २०१८ पर्यंत सेवेत राहिली. आज हे काम ‘क्रोजनेस्ट’ रडार असलेली ‘मर्लिन’ हेलिकॉप्टरे करतात.

‘कामोव्ह-३१’ची रचना

या हेलिकॉप्टरच्या पोटाखाली सुमारे ६ मीटर लांब आणि १ मीटर रुंद अशी सपाट अँटेना घडी करून ठेवलेली असते. उड्डाणानंतर चाके वर ओढून घेतली जातात, अँटेना खाली उभी होते आणि दर १० सेकंदांनी एक पूर्ण फेरा घेते. लढाऊ विमान सुमारे १०० ते १५० किलोमीटरवरून, तर मोठी युद्धनौका त्याहूनही दुरून टिपता येते. एकावर एक बसवलेले आणि परस्परविरुद्ध दिशेने फिरणारे दोन पंखे असल्याने शेपटीकडील पंख्याची गरज राहत नाही. त्यामुळे नौकेच्या अरुंद डेकवर ते सोयीचे ठरते. मिळालेली माहिती संदेशदुव्याद्वारे थेट नौकेकडे पोहोचते.

मर्यादा

अमेरिका आणि फ्रान्स यांच्या विमानवाहू नौकांवर विमानाला जोराने पुढे फेकणारी कॅटापल्ट यंत्रणा असल्याने २० टनांहून जड ‘हॉकआय’ विमान तेथून उडू शकते. ‘विक्रमादित्य’ आणि २०२२ मध्ये कोची येथे दाखल झालेली ‘विक्रांत’ या दोन्ही भारतीय नौकांवर पुढील टोकाला चढ दिलेली धावपट्टी आहे. तेथून लढाऊ ‘मिग-२९के’ झेप घेते. संथ व जड टेहळणी विमानाला मात्र ते शक्य नाही. म्हणून हेलिकॉप्टर हाच पर्याय उरतो.

त्याची किंमतही मोजावी लागते. ‘कामोव्ह-३१’ सुमारे अडीच तास हवेत राहते, तर ‘हॉकआय’ त्याच्या दुपटीहून अधिक काळ आणि बऱ्याच अधिक उंचीवर. चोवीस तास अखंड पहारा ठेवायचा, तर किमान दहा उड्डाणे करावी लागतात आणि देखभालीसाठी थांबलेल्या हेलिकॉप्टरांची जागा घ्यायला आणखी काही हाताशी असावी लागतात. म्हणूनच एका हेलिकॉप्टरचे रडार किती दूर पाहते यापेक्षा ताफ्यापाशी अशी हेलिकॉप्टरे किती आहेत, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. पहाऱ्यात खंड पडला, की ताफ्याच्या हाती पुन्हा दीड मिनिटच उरते.