आडवी वाट आणि उभी रांग : मलंग ते माथेरान

चिखलोलीत व्याख्यान म्हणजे घरच्या ओटीवर बोलण्यासारखं आहे. सभागृहात येताना दक्षिणेकडे बघितलंत का? आता मध्ये इमारती आल्यात, तरी दोन टॉवरांच्या फटीतून मलंगगडाचा सुळका अजून दिसतो. त्याच्या डावीकडे तावली, जिला काहीजण ताहुली म्हणतात. मग चंदेरी, म्हसमाळ, नाखिंड, पेब आणि शेवटी माथेरानचं पठार. नकाशावर पट्टी ठेवली तर मलंगपासून माथेरानपर्यंत सरळ रेषेत जेमतेम सतरा-अठरा किलोमीटर भरतात. पायी जायचं म्हटलं, तर धडधाकट माणसाला दोन-तीन दिवस पुरत नाहीत. कारण प्रत्येक शिखर चढायचं, पुन्हा खिंडीपर्यंत सगळी कमाई उधळायची, की पुढचं शिखर परत शून्यापासून.

आमचं शिक्षण तत्त्वज्ञानाचं. इतिहासाचे आम्ही हौशी विद्यार्थी आहोत. त्यामुळे आज किल्ल्यांच्या लढाया तारीखवार सांगणार नाही. आम्हाला एक साधा प्रश्न पडला आहे : या डोंगराच्या माथ्यामाथ्यानं, एका शिखरावरून दुसऱ्या शिखरावर, माणसं कधीपासून चालायला लागली? आणि त्याआधी काय करत होती?

हा प्रश्न आम्हाला कुणी दिला, ते आधी सांगतो. सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. नुकती नोकरी लागली होती. आम्ही चौघं मित्र दिवाळीच्या सुट्टीत मलंगहून निघालो, माथेरानला उतरायचं ठरवून. त्या काळी टोपोशीट, म्हणजे सर्वेक्षण खात्याचे तपशीलवार नकाशे, किनाऱ्याजवळच्या भागाचे सहज मिळत नसत. एकाने कुठूनतरी इंचाला मैल प्रमाणाच्या जुन्या नकाशाची हाताने नक्कल करून आणली होती. त्यात समोच्च रेषा होत्या, पाणी कुठे आहे ते मात्र नव्हतं. तावली ओलांडल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्याकडे चौघांत मिळून अर्धी बाटली पाणी उरलं. कारवीच्या जाळीत वाट संपली. पुढे कडा, मागे आपणच तुडवून आलेलं गवत. तिथे एक ठाकूर बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन आडव्या आल्या. आडव्या म्हणजे अक्षरशः आडव्या. आम्ही रांगेच्या लांबीनं चाललो होतो, त्या रांग ओलांडत होत्या.

त्यांनी विचारलं, "कुठं निघालात रे पोरांनो?"

"माथेरानला, मावशी."

"मग वरनं कशाला? खाली उतरा, नेरळची गाडी धरा."

आम्ही सांगितलं, की आम्हाला वरूनच जायचं आहे. त्यांनी आमच्याकडे, मग पुढच्या कड्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "वाट खिंडीतनं असते. वरनं कोण जातं?" मग भारा तसाच डोक्यावर ठेवून त्यांनी आम्हाला वीसेक मिनिटांवरच्या एका झऱ्यापाशी नेलं आणि बदलापूरच्या बाजूला उतरवून दिलं. माथेरान त्या वर्षी राहिलंच. ते पुढे तीन हिवाळ्यांनी झालं.

"वरनं कोण जातं" हे आम्ही तेव्हा हसण्यावारी नेलं. निवृत्तीनंतर कागद चाळायला लागलो, तेव्हा कळलं की बाई शंभर टक्के बरोबर होत्या.

आधी डोंगर कसा आहे ते बघू. ही रांग म्हणजे सह्याद्रीचा मुख्य कणा नव्हे, त्यापासून सुटलेला फाटा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचले. पुढे पूर्वेकडून उल्हास नदीनं आणि पश्चिमेकडून पनवेलकडच्या नद्यांनी ते पोखरले. मध्ये उरली ती ही भिंत. कठीण थर टिकला तिथे सुळका झाला, ठिसूळ जागी खिंड पडली. नाखिंडला तर कातळाला आरपार भोक आहे, ज्याला आपण नेढं म्हणतो. थोडक्यात, भिंतीला निसर्गानंच दारं ठेवली. माणसानं हजारो वर्षं ती दारं वापरली. भिंतीवरून चालायचं काही कारणच नव्हतं.

दोन्ही अंगांना काय होतं बघा. पूर्वेला कल्याणचं बंदर आणि उल्हासचं खोरं. आपल्या अंबरनाथच्या शिवालयातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा. शिलाहार राजा मम्वाणीच्या काळातला. एवढं कोरीव देऊळ उभं राहतं, ते आसपास नांगर आणि बाजार चालू असल्याशिवाय नाही. पश्चिमेला पनवेलची खाडी, मिठागरं, तिथला बाजार. मधली भिंत ओलांडायची गरज दोन्ही बाजूंना होती. मीठ, भात, गवत, लाकडाची मोळी, गुरं, सोयरीक, सगळं खिंडीतून जायचं. ठाकूर, कातकरी आणि धनगर ही या वाटांची माणसं. त्यांच्या पायांनी या वाटा राखल्या, पण त्या कुणी लिहून ठेवल्या नाहीत, कारण रोजची वाट कुणी लिहीत नाही.

आता तुम्ही म्हणाल, सर, किल्ले होते की! शिखरांवर माणसं होतीच. होती. पण कशी होती? मलंगगडाचे तीन टप्पे आहेत : पीरमाची, सोनमाची आणि वर बालेकिल्ला. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली, त्यानंतर या मुलखावर नजर ठेवणारी ही ठाणी महत्त्वाची झाली. पण शिबंदी एका शिखरावर असायची. खालून धान्य वर, वरून निरोप खाली. मलंगवरून चंदेरीला जायचं असेल तर शिपाई गड उतरून पायथ्यानं जाणार, कड्याला लोंबकळत नाही.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण १७८० चं आहे. पहिलं इंग्रज-मराठा युद्ध चालू होतं. ऑगस्टमध्ये, ऐन पावसात, कॅप्टन अ‍ॅबिंग्टन कल्याणहून रात्रीच निघाला आणि मलंगगडावर चालून गेला. खालची माची त्याच्या हाती पडली. बालेकिल्ल्यावर मात्र मराठ्यांची शिबंदी ठाम बसली. वर जायला कातळातल्या अरुंद पायऱ्या, वरून दगड सोडले की संपलं. ज्यांनी गड घेरला होता, त्यांनाच खालून मराठी फौजेनं घेरलं. पावसाळा सरल्यावर हार्टले फौज घेऊन आला, तेव्हा ती माणसं सुटली. एवढ्या महिन्यांत कुणी रांगेच्या माथ्यानं पलीकडून येऊन बाजू फिरवली, असं काही घडलं नाही. लढाई झाली ती एका शिखराची आणि त्याच्या पायथ्याची. १७८२ च्या सालबाईच्या तहानं हे युद्ध संपलं.

पीरमाचीवरचा हाजी मलंग दर्गा, ज्याला नाथपंथी परंपरा मच्छिंद्रनाथांची समाधी मानते, तिथली जत्रा माघ पौर्णिमेची. कल्याणच्या केतकर घराण्याकडे तिथली परंपरागत वहिवाट. त्या जागेवरून जे वाद झाले ते आजचा विषय नाही. आम्हाला इथे एवढंच दाखवायचं आहे, की भाविकही पायथ्यापासून माचीवर जातो आणि आल्या वाटेनं परततो. यात्रेकरू उभा चढतो, गावकरी आडवा ओलांडतो. माथ्यामाथ्यानं जाणारा अजून आलेलाच नाही.

तो आला आगगाडीतून. १८५४ मध्ये रेल्वे कल्याणला पोचली, १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत. या रांगेच्या पायथ्याला समांतर असा लोखंडी रस्ता तयार झाला. त्याआधी १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौकहून माथेरानवर चढले आणि तिथे थंड हवेचं ठिकाण वसवायची कल्पना निघाली. म्हणजे ठाकरांना, धनगरांना माहीत असलेल्या डोंगराचा 'शोध' लागला! असे शोध आपल्याकडे बरेच लागलेले आहेत. पण मॅलेटसाहेबांनी एक नवी गोष्ट खरोखर आणली. डोंगरावर काम नसताना जायचं, आणि वर गेल्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरायचं, नुसतं बघायला. माथेरानचे सगळे 'पॉइंट' म्हणजे तेच. १९०७ मध्ये नेरळ-माथेरान छोटी रेल्वे सुरू झाली, पीरभॉय कुटुंबाच्या पैशातून, आणि हे नुसतं बघणं मध्यमवर्गाच्याही आवाक्यात आलं.

रेल्वेनं रांगेकडून पाणीही घेतलं. काकोळ्याचं जीआयपी धरण वाफेच्या इंजिनांसाठी बांधलेलं. आज तिथेच रेलनीरच्या बाटल्या भरतात. चिखलोलीच्या धरणात येतं तेही याच डोंगरांचं पाणी.

मग १९५३ साली एव्हरेस्ट सर झालं. त्या बातमीनं मुंबईतल्या तरुणांच्या डोक्यात काय घातलं असेल, त्याची आज कल्पना करणं अवघड आहे. पुढच्याच वर्षी मुंबईत गिरिविहार ही संस्था निघाली. त्याच वर्षी दार्जिलिंगला गिर्यारोहण संस्था सुरू झाली. गोनीदांनी दुर्गभ्रमणाला मराठी वाचकाच्या घरात आणलं. आणि मुंबईच्या गिरणी-ऑफिसांना रविवारची सुट्टी होती, शनिवारी रात्रीची शेवटची लोकल होती. माथ्यामाथ्यानं चालणं हे या दोन गोष्टींचं अपत्य आहे, असं आम्ही गमतीनं म्हणतो, पण त्यात तथ्य आहे. चंदेरीच्या पायथ्याचं चिंचवली गाव बदलापूर-वांगणीच्या स्टेशनांवरून पायी गाठता येतं. चंदेरीच्या गुहेत रात्र काढायची, जवळच्या टाक्याचं पाणी प्यायचं आणि पहाटे पुढे निघायचं. गुहेच्या वरचा सुळका दोराशिवाय कुणी चढू नये, हे पालकांसाठी मुद्दाम सांगतो.

म्हणजे हिशेब असा : आडवी वाट हजारभर वर्षांची नक्कीच, उभी रांग चालण्याची चाल फार तर दीड-पावणेदोनशे वर्षांची. आमची पिढी तिला सह्याद्रीची प्राचीन परंपरा समजत होती. पाठीवरची सॅक आणि तोंडात शिवरायांचा जयजयकार, त्यामुळे आपण मावळ्यांच्या वाटेनंच चाललोय असं वाटायचं. मावळे आम्हाला बघून त्या बाईंसारखेच बुचकळ्यात पडले असते.

यात वाईट काही नाही. नवी चाल म्हणून ती खोटी होत नाही. त्या तिसऱ्या हिवाळ्यात नाखिंडच्या नेढ्यात बसून आम्ही एका बाजूला उल्हासचं खोरं आणि दुसऱ्या बाजूला पनवेलचा मुलूख एकदम बघितला, तेव्हा वाटलं की भिंत ओलांडणाऱ्याला हे कधीच एकत्र दिसत नसेल. ते दृश्य आम्ही आजही विकायला तयार नाही.

पण एक गोष्ट आम्हाला अलीकडे बोचते. माथ्यामाथ्यानं चालणारा दर वेळी वाचतो तो आडव्या वाटेवर. पाणी संपलं, पाय मुरगळला, अंधार पडला, तर तो कुठे जातो? जवळच्या खिंडीत, आणि खिंडीतून खाली गावात. आम्ही असेच वाचलो. ती आडवी वाट कुणी रोज तुडवत असेल तरच ती असते. दोन पावसाळे कुणी गेलं नाही, की कारवी आणि घाणेरी ती गिळते.

आज कोण तुडवतं? धोदाणीची माणसं अजून माथेरानला भाजी-दूध घेऊन चढतात, कारण वर बाजार आहे आणि मोटारींना बंदी आहे. मलंगची वाट भाविकांमुळे जिवंत आहे. रांगेची ही दोन टोकं जागी आहेत. मधल्या खिंडी मात्र ओस पडत चालल्यात. गवताचे भारे आता बदलापूरला कुणी विकत घेत नाही. पनवेलला जायचं तर रिक्षा, एसटी, मोबाइल. आम्ही याला ऱ्हास म्हणणार नाही. डोक्यावर भारा घेऊन डोंगर ओलांडणं ही काही सुखाची गोष्ट नव्हती, आणि त्या मावशींच्या नातीला तो ओलांडावा लागत नाही हे चांगलंच झालं.

गंमत म्हणजे ओलांडायची गरज संपलेलीच नाही. वडोदरा-मुंबई द्रुतगती मार्गाचा जेएनपीटीकडे जाणारा फाटा बदलापूरजवळ बेंडशीळच्या बाजूनं डोंगराच्या पोटात शिरतो आणि पनवेल तालुक्यात मोर्ब्याकडे निघतो. सुमारे सव्वाचार किलोमीटरचे जुळे बोगदे आहेत. माथेरानचा परिसर २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, म्हणून वरून रस्ता न काढता खालून काढला. मीठ आणि भात जिथून जायचं, त्याच दिशेनं आता कंटेनर जातील. आडवी वाट जमिनीखाली गेली एवढंच.

गेल्या हिवाळ्यात आम्ही मुद्दाम त्या बाजूला गेलो होतो. आता गुडघे चढू देत नाहीत, पायथ्यालाच हिंडलो. एका टपरीवर चहा घेताना विशीतल्या एका ठाकूर मुलाशी गप्पा झाल्या. तो शनिवार-रविवार मुंबईच्या ट्रेकर्सना वाटाड्या म्हणून चंदेरीला नेतो. आम्ही विचारलं, खिंडीतून पलीकडे मालडुंग्याकडे उतरता येतं का रे? म्हणाला, "आजी जायची, सर. तिचं माहेर तिकडचं. मी नाही गेलो कधी." आजी आहे का? आहे. वाट आठवते का तिला? "विचारतो," म्हणाला. महिन्यानं त्याचा फोन आला. आजीनं झरे सांगितले, दगडांची नावं सांगितली, विसाव्याची झाडं सांगितली. त्यातली दोन झाडं त्याला सापडली. झरा सापडला नाही.

तर आता एक काम सांगतो आणि थांबतो. या सभागृहात चिखलोली, जांभूळ, कुशिवली, चिंचवली इथली माणसं बसलेली दिसतात. तुमच्या घरी कुणी आजी, आजोबा, मावशी असतील, ज्यांनी ही रांग पायी ओलांडली असेल, माहेरी जायला, बाजाराला, लग्नाला, तर व्याख्यानानंतर दहा मिनिटं थांबा. मागच्या टेबलावर वही ठेवली आहे. गावाचं नाव, खिंडीचं नाव, पाणी कुठे होतं, एवढं लिहून द्या. फोन नंबर दिलात तर आम्ही घरी येऊ. सकाळी येऊ, म्हाताऱ्या माणसांना दुपारी झोप लागते, आम्हालाही लागते.