न्हाणीचा ढाळ

घर बांधताना दिवाणखान्यातल्या फरशीचा रंग निवडायला आपण चार-चार दिवस घेतो. न्हाणीघराचा ढाळ मात्र गवंड्यावर सोडून देतो. मीही तेच केलं. फरशी चकचकीत बसली. पण पाणी जाळीकडं न जाता दाराशी साचू लागलं. एका पहाटे अम्मी तिथं घसरली आणि तिचं मनगट मोडलं.

फरशी उखडायला आलेला म्हातारा गवंडी म्हणाला, "साहेब, ढाळ फरशीत नसतो, खालच्या कोब्यात असतो. फुटामागं पाव इंच."

हे शहाणपण फार जुनं आहे. सिंधमधल्या मोहेंजोदडो इथं १९२२ साली उत्खनन सुरू झालं. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या नगरात घरोघरी न्हाण्या सापडल्या. भाजलेल्या विटा कडा घासून अगदी खेटून बसवलेल्या, आणि जमीन एका कोपऱ्याकडं उतरती. तिथून पाणी भिंतीतून थेट रस्त्यावरच्या गटारात जाई. तिथल्या सुमारे बारा मीटर लांब आणि सात मीटर रुंद महास्नानगृहाचा तळही नैर्ऋत्य कोपऱ्याकडं उतरता आहे. विटांचे सांधे जिप्समनं भरलेले, आणि पाणी झिरपू नये म्हणून मागं डांबराचा थर. आज आपण फरशीखाली वॉटरप्रूफिंग करतो, त्यामागं हीच काळजी असते.

त्या लोकांची लिपी अजून कुणाला वाचता आलेली नाही. त्यांचा ढाळ मात्र वाचता येतो. आम्ही नव्या कोब्यावर आधी बादलीभर पाणी ओतलं, ते जाळीत गेलेलं पाहिलं, मगच फरशी बसवली. तुम्हीही तेवढं कराच.