बाळंतिणीला विचारायचे दहा प्रश्न

बाळंतपणानंतरचं नैराश्य हेरण्यासाठी जगभर वापरली जाते ती प्रश्नावली एडिंबराच्या नावाने ओळखली जाते, पण तिची पाळंमुळं युगांडात आहेत. जॉन कॉक्स हे मानसोपचारतज्ज्ञ १९७०च्या दशकात तिथे गरोदर आणि बाळंत बायकांच्या मनाचा अभ्यास करत होते. बाळंतिणीच्या वेडाला तिथले लोक ‘अमाकिरो’ म्हणत आणि त्याचं खापर गरोदरपणातल्या व्यभिचारावर फोडत. आपल्याकडे ‘बाहेरचं लागलं’ म्हणतात, तीच गत.

स्कॉटलंडला आल्यावर कॉक्स यांच्यापुढे वेगळाच पेच उभा राहिला. नैराश्याच्या तेव्हाच्या प्रश्नावल्या झोप, भूक, थकवा यांवर बेतलेल्या होत्या. पण रात्री चारदा उठून पाजणाऱ्या बाईला ‘झोप लागत नाही का’ असं विचारून काय कळणार? जेनी होल्डन आणि रूथ सागोव्हस्की यांच्यासोबत त्यांनी शरीराच्या तक्रारी शक्य तितक्या गाळल्या. झोपेचा प्रश्न राहिला, पण असा: मन इतकं खिन्न होतं का, की त्यापायी झोप आली नाही? आधीचे १३ प्रश्न छाटून १० झाले आणि १९८७मध्ये ते प्रसिद्ध झाले. प्रश्न गेल्या सात दिवसांचे, प्रत्येकाला ० ते ३ गुण, जास्तीत जास्त ३०. मूळ अभ्यासात १२च्या वर गुण गेले की पुढची तपासणी गरजेची मानली. आजाराचं निदान ही प्रश्नावली करत नाही. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा. तिथे ‘कधीच नाही’ सोडून काहीही उत्तर आलं, तर बेरजेची वाट पाहायची नसते.

ही प्रश्नावली डॉक्टरच्या टेबलासाठी नव्हे, घरोघर जाणाऱ्या आरोग्यसेविकांसाठी घडवली होती, हे आपण सोयीस्कर विसरतो. कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९मध्ये पुढचं पाऊल टाकलं. सेविकांनी नैराश्य असलेल्या बाळंतिणींच्या घरी आठ आठवडे, आठवड्यातून एकदा जाऊन नुसतं ऐकून घेतलं. अशा २६ जणींपैकी १८ बऱ्या झाल्या. ज्यांच्याकडे तशा भेटी झाल्या नाहीत, त्या २४ जणींपैकी ९.

आपल्या शेजारी गोव्यात ही प्रश्नावली कोंकणीत आली. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी म्हापशाच्या रुग्णालयात आलेल्या बायकांचा माग घेतला. अभ्यास २००२मध्ये छापून आला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के जणींना नैराश्य होतं. त्यातल्या ७८ टक्के जणी गरोदरपणीच मनाने खचलेल्या होत्या. गरिबी आणि नवऱ्याची मारहाण या कारणांसोबत आणखी एक होतं: मुलगी झाली म्हणून.

आता विदर्भातल्या बुटीबोरीकडे या. एमआयडीसीतल्या कामापायी लांबून आलेल्या बाईला माहेरचं बाळंतपण मिळेलच असं नाही. दारात येते ती आशाताई. तिच्या या घरभेटींचा उगमही विदर्भातलाच: गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांना शिकवून घरोघर नवजात बाळांची काळजी घेतली. त्या गावांतले बालमृत्यू कसे घटले, ते १९९९मध्ये जगाला कळलं आणि २०११मध्ये देशभर आशांकडे ते काम आलं. दवाखान्यात बाळंतपण झालं, तर तिसऱ्यापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा भेटी.

“बाळ दूध पिऊन राहिलं ना?” ती विचारते, वजन घेते, ताप पाहते. बाळंतिणीचं विचारलं की सासूच आतून सांगते, “तिला काय धाड भरली!” आशाच्या फॉर्मात बाळंतीण असंबद्ध बोलते का, असा प्रश्न आहे. पण गप्प बसलेली बाई त्यात कुठे सापडायची?

बेचाळिसावा दिवस म्हणजे बरोबर सहा आठवडे. भेट ठरलेली, माणूस ओळखीचं. दहा प्रश्नांना पाच-दहा मिनिटं पुरतात. फक्त सासूला तेवढा वेळ बाळ घेऊन ओट्यावर बसवावं लागेल. गरोदरपणीही एकदा विचारावं, दर महिन्याच्या ९ तारखेची सरकारी तपासणी त्यासाठी आहेच. मात्र हो म्हणणाऱ्या बाईला पुढे कुठे न्यायचं, हे आधी ठरलेलं हवं; नाहीतर विचारणं हा नुसता चोंबडेपणा. घरात कुणी बाळंतीण गप्प गप्प असेल, तर ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक लावा. मराठीत बोलता येतं.