थॅलिडोमाइड : गर्भातल्या जीवाने दाद कुठे मागावी?

१ ऑक्टोबर १९५७. पश्चिम जर्मनीतील ग्रुनेन्थाल कंपनीने ‘कॉन्टरगान’ ही झोपेची गोळी बाजारात आणली. डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून मिळणारी ही गोळी इतकी निर्धोक मानली गेली की गरोदर स्त्रियाही मळमळीवर ती घेऊ लागल्या. औषधाचे मूळ नाव थॅलिडोमाइड. १९५८ पासून ब्रिटनमध्ये ते विकले डिस्टिलर्सने. ही कंपनी मुळात व्हिस्कीसाठी प्रसिद्ध!

लवकरच हातपाय आखूड असलेली बालके जन्मू लागली. काहींचे पंजे थेट खांद्यालाच जोडलेले. हॅम्बुर्गचे बालरोगतज्ज्ञ विडुकिंड लेन्झ यांनी मातांकडे कसून चौकशी केली आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये कंपनीला सावध केले. महिनाअखेरीस गोळी मागे घेण्यात आली. गर्भधारणेनंतरच्या साधारण २० ते ३६ या दिवसांत एक गोळीही घात करण्यास पुरेशी होती, आणि त्या दिवसांत अनेकींना आपण गरोदर आहोत याची पुरती जाणीवही नसे. जगभरात १०,००० हून अधिक बालके बाधित झाली; त्यांतील अनेक तान्हेपणीच दगावली.

जर्मनीत आल्सडॉर्फ येथे १९६८ मध्ये फौजदारी खटला उभा राहिला. डिसेंबर १९७० मध्ये तो निकालाविनाच थांबवला गेला. तत्पूर्वी कंपनीने १० कोटी मार्क देण्याचे मान्य केले होते.

ब्रिटनमधील पेच अधिक मूलभूत होता. गर्भस्थ अपत्याचा वारसाहक्क इंग्रजी कायदा शतकानुशतके मानत आला होता. पण गर्भात झालेल्या इजेबद्दल जन्मानंतर नुकसानभरपाई मागता येते का, हे कोणत्याही इंग्रजी न्यायालयाने ठरवलेले नव्हते. म्हणून १९६८ मध्ये ६२ कुटुंबांनी, दावा जिंकल्यास जी रक्कम मिळाली असती तिच्या ४० टक्क्यांवर तडजोड केली. उरलेल्या कुटुंबांपुढे कंपनीने सुमारे साडेबत्तीस लाख पौंडांचा निधी ठेवला. अट एकच : सर्व पालकांची संमती हवी. मूठभर पालक अडून बसले, तेव्हा मुलांच्या वतीने दावा चालवण्याचा त्यांचा अधिकारच काढून घेण्याचा आदेश उच्च न्यायालयाने दिला! अपील न्यायालयाने १९७२ मध्ये तो फिरवला. या अडून बसलेल्या आईबापांना इतिहासाने फारसे श्रेय दिलेले नाही.

त्याच वर्षी २४ सप्टेंबरला ‘संडे टाइम्स’ने, संपादक हॅरॉल्ड इव्हान्स यांच्या पुढाकाराने, हा विषय चव्हाट्यावर आणला. प्रलंबित दाव्यांचे कारण देत न्यायालयाने पुढच्या लेखावर मनाई आणली. पण संसद आणि भागधारक दोघेही खवळले होते. १९७३ मध्ये देकार २ कोटी पौंडांवर गेला. लेखावरील मनाई अन्याय्य होती, हे युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १९७९ मध्ये सांगितले.

मूळ प्रश्नाचे उत्तर ब्रिटिश संसदेने १९७६ च्या कायद्याने दिले : दुसऱ्याच्या चुकीमुळे जन्मतः व्यंग आलेले मूल नुकसानभरपाई मागू शकते. आईवर मात्र तिचेच मूल दावा लावू शकत नाही. तिने निष्काळजीपणे वाहन चालवले असेल, तेवढाच अपवाद. हा कायदा लागू झाला तो पुढे जन्मणाऱ्यांना. ज्यांच्यामुळे तो झाला, ती मुले तोवर चौदा ते अठरा वर्षांची झाली होती.