सदऱ्यावरील पट्टे आणि गरिबांचें ताट

साध्या वस्तूंना अर्थ देण्याची रीति ख्रिस्तसभेनें आरंभापासून जपिली आहे. पाणी, तेल, भाकर, मेणबत्ती, शुभ्र वस्त्र, हीं सारीं घरोघरचींच. परंतु ज्या हेतूनें तीं हातीं घ्यावीं, त्या हेतूनें त्यांस योग्यता येते. खेळाच्या सदऱ्यासही हाच न्याय लागू पडतो. त्याचें एक उदाहरण या महोत्सवप्रसंगीं वाचकांपुढें ठेवीत आहें. कारण त्याचा उगम एका धर्मग्रामाच्याच सभागृहांत झाला.

१८४५ पासून आयर्लंडांत पडलेल्या भीषण दुष्काळामुळें हजारों कॅथलिक कुटुंबें स्कॉटलंडांतील ग्लासगो शहरीं येऊन वसलीं. शहराच्या पूर्वभागांत दारिद्र्य इतकें कीं, मुलें उपाशीपोटीं शाळेंत येत. मारिस्ट संघाचे ब्रदर वॉलफ्रिड (१८४०–१९१५) हे तेथील सेक्रेड हार्ट शाळेचे मुख्याध्यापक. त्यांनीं मुलांस एका पेनींत जेवण देण्याची सोय केली. या ताटांचा खर्च भागावा, म्हणून ६ नोव्हेंबर १८८७ रोजीं सेंट मेरी चर्चच्या सभागृहांत सेल्टिक फुटबॉल क्लबाची स्थापना झाली.

२८ मे १८८८ रोजीं पहिला सामना झाला व रेंजर्स संघावर ५–२ असा विजय मिळाला. त्या वेळचा सदरा पांढरा, हिरव्या कॉलरचा. छातीवर तांबड्या लंबवर्तुळांत आयरिश धर्तीचा क्रूस. पुढें १८८९ सालीं हिरवे-पांढरे उभे पट्टे आले, आणि १९०३ सालीं ते आडवे झाले. या पट्ट्यांचा मान एवढा वाढला कीं, इतर संघ पाठीवर आंकडे घालूं लागले तरी या क्लबानें आपले पट्टे झांकूं दिले नाहींत. १९६० सालीं आंकडे आले ते विजारीवर. स्कॉटलंडच्या लीग सामन्यांत सदऱ्यावर ते १९९४ सालीं, नियमाच्या सक्तीनें आले.

आपल्या देशाशींही या सदऱ्याचा ऋणानुबंध आहे. १९३६ सालीं कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगचे मोहम्मद सलीम हा सदरा घालून दोन सामने खेळले. त्यांस बूट घालून खेळण्याची संवय नव्हती. पायांस पट्ट्या गुंडाळूनच ते मैदानांत उतरले. जिमी मॅकमेनेमी हे क्लबाचे जुने नामांकित खेळाडू त्यांच्या पायांस पट्टी बांधीत आहेत, असें छायाचित्र आजही पाहावयास मिळतें. तें पाहून पवित्र गुरुवारच्या पाय धुण्याच्या विधीचें स्मरण झाल्यावांचून राहत नाहीं.

परंतु इतकेंच सांगून थांबलों तर सत्याचा अर्धा भाग झांकिला जाईल. १८९२ सालीं ब्रदर वॉलफ्रिड यांची बदली लंडनला झाली. १८९७ सालीं क्लबाची मर्यादित कंपनी बनली, आणि मूळचा परोपकाराचा हेतु मागें पडला. पट्टे जगप्रसिद्ध झाले. ताट मात्र विसरलें गेलें. १९९५ सालीं क्लबानें धर्मादाय निधि उभारिला, व २००५ सालीं मैदानाबाहेर ब्रदरांचा पुतळा बसविला, तेव्हां त्या हेतूची पुन्हा आठवण झाली.

धर्मग्रामांतील तरुणांनीं आपल्या सदऱ्यावर आपल्या आश्रयदात्या संताची खूण अवश्य घालावी. मात्र प्रत्येक सामन्याच्या जमाखर्चांत सेंट व्हिन्सेंट दि पॉल मंडळाच्या गरिबांचा वांटा आधीं काढून ठेवावा. सदरा कालांतरानें विटेल व फाटेल. हा वांटा चालू राहिला, तरच पुढील महोत्सवांत त्या खुणेचा अर्थ सांगण्यास कोणी उरेल. प्रभु आपणां सर्वांस तशी बुद्धि देवो.