तबकडी घासणाऱ्यांचा मिक्सर

‘मिक्सर’ हा शब्द उच्चारतांच आमच्या घरांत चटणीचें भांडें आठवतें, आणि ‘डी. जे.’ म्हणतांच मिरवणुकींतील कर्ण्यांची भिंत. येथें ज्या यंत्राविषयीं लिहावयाचें आहे, तें ह्या दोहोंहून निराळें. दोन फिरत्या तबकड्यांच्या मध्यें बसून कोणतीचा आवाज किती बाहेर जावा हें ठरविणारी ती एक चपटी पेटी होय. तबकडी हातानें मागेंपुढें घासून तालबद्ध ध्वनि काढणारे वादक, म्हणजे ‘स्क्रॅच डी. जे.’, ही पेटी निवडतांना इतके चोखंदळ कां असतात, हें तिच्या इतिहासावांचून कळावयाचें नाहीं.

ही पेटी मुळांत तोडण्यासाठीं नव्हे, तर जोडण्यासाठीं जन्मास आली. १९७१ मध्यें ॲलेक्स रोझनर यांनीं न्यूयॉर्कच्या ‘हेवन’ नामक नृत्यगृहाकरितां ‘रोझी’ नांवाचा मिक्सर बांधिला. बोझाक कंपनीचे गोल खुंट्यांचे मिक्सरही त्याच दशकांतील. एक गाणें मावळतां मावळतां दुसरें उगवावें, आणि नाचणारांस सांधा कळूं नये, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा होती.

त्याच शहराच्या ब्राँक्स भागांतील पोरांस मात्र तो सांधाच ऐकवावयाचा होता. १९७५ च्या सुमारास, आई आवाज कमी करावयास सांगत असतां ग्रँड विझर्ड थिओडोर ह्या मुलानें फिरती तबकडी हातानें धरून ठेविली, आणि त्या घर्षणांतून हा ध्वनि त्यास सांपडला, असें सांगतात. विजेच्या कामाचें शिक्षण घेतलेल्या ग्रँडमास्टर फ्लॅशनें, पुढची तबकडी लोकांस ऐकविण्यापूर्वीं स्वतःच्या कानांशीं ऐकतां यावी म्हणून, मिक्सरला स्वतः कळ जोडली. १९८३ मध्यें हर्बी हॅनकॉक यांच्या ‘रॉकिट’नें हें घासणें जगाच्या कानीं घातलें.

आतां सारा भार ‘क्रॉसफेडर’वर, म्हणजे डावीउजवीकडे सरकणाऱ्या एका लहानशा दांडीवर पडला. सावकाश सरकविण्यासाठीं केलेली ही दांडी वादकाचीं बोटें सेकंदांत अनेकदां हलवूं लागलीं. आंतील पट्टी झिजे, धूळ बसे, आणि ऐन रंगांत खरखर सुरू होई. पुढें कारागिरांनीं गाण्याचा प्रवाह त्या पट्टींतून नेणेंच सोडलें व तिच्याकडे केवळ हुकूम देण्याचें काम ठेविलें. रेन कंपनीच्या ‘टी. टी. एम. ५६’मध्यें तर दांडीची जागा चुंबकानें ओळखली जाऊं लागली. जेथें स्पर्शच नाहीं तेथें झिजावयाचें काय?

म्हणून दुकानांत गेल्यावर चकाकणाऱ्या दिव्यांकडे व नाना परिणामांच्या कळांकडे पाहूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. दांडी टोंकापासून किती सरकली असतां आवाज फुटतो, हें आधीं पाहावें; हें अंतर केसाएवढें असेल तरच जलद हात चालतो. हा चढ कमीजास्त करतां यावा. दांडीची दिशा उलटविण्याची कळही असावी. तिला गमतीनें ‘हॅम्स्टर’ म्हणतात. दांडीच्या आसपास बोटांस अडणारी खुंटी नसावी. जोडकामासाठीं केलेल्या महागड्या पेट्या बहुधा येथेंच नापास होतात.

आणि दांडी बदलतां येते कीं नाहीं, हें विचारण्यास संकोच करूं नये. वेस्टॅक्सचा ‘पी. एम. सी. ०५ प्रो’ हा एके काळीं ह्या वादकांचा अत्यंत लाडका मिक्सर. परंतु ती जपानी कंपनी २०१४ मध्यें दिवाळखोरींत निघाली. जुन्या बाजारांत तो स्वस्त मिळाला, तरी त्याचा सुटा फेडर कोठें मिळेल, ह्याची चौकशी पैसे मोजण्यापूर्वींच करावी.