आधी प्रीती, मग श्रद्धा

बारामतीहून आगगाडीने पुण्यास निघाले, की दौंडनंतर केडगाव लागते. पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन तेथलेच. इंग्लंडात फुलहॅम येथे, समाजाने टाकलेल्या स्त्रियांना ख्रिस्ती भगिनी मायेने सांभाळताना रमाबाईंनी पाहिल्या. यामागची प्रेरणा विचारता त्यांना ख्रिस्त आणि शोमरोनी स्त्रीची कथा सांगण्यात आली. 1883 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. घामाचा दाम मागणारी. ख्रिस्ती मतात मात्र तारण हा दाम नव्हे. ते देवाने प्रीतीपोटी, लायकी न पाहता दिलेले दान. श्रद्धा म्हणजे त्याचा स्वीकार.

1897 च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो बायकामुली आणल्या. भाकरीआडून धर्मांतर, हा आक्षेप विसरू नये; आणि आधी प्रीती, मग श्रद्धा, हा क्रम त्यांनी स्वतः अनुभवला होता, हेही विसरू नये.